हेमू अधिकारी (क्रिकेट खेळाडू)

लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी तथा हेमू अधिकारी (३१ जुलै, १९१९:पुणे, महाराष्ट्र - २५ ऑक्टोबर, २००३:मुंबई, महाराष्ट्र) हे भारताकडून २१ कसोटी सामने खेळलेले क्रिकेट खेळाडू, भारतीय संघाचे एका कसोटीपुरते कर्णधार आणि पुढे संघाचे व्यवस्थापक व प्रशिक्षक होते. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत आणि प्रसंगी लेगब्रेक गोलंदाजी करीत. १९७१मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय मिळवला, त्या दौऱ्यावर अधिकारी संघाचे व्यवस्थापक होते. तीन वर्षांनी, १९७४च्या दौऱ्यावर, याच देशात भारताचा मालिकेतील तिन्ही कसोटींत पराभव झाला, तेव्हाही हे पद त्यांच्याकडेच होते. याच नावाचे नाट्य-चित्रपट अभिनेतेही मराठीत प्रसिद्ध आहेत. प्रस्तुत लेख क्रिकेट खेळाडूविषयी आहे.

सुरुवातीची वर्षे

अधिकारी यांचा जन्म पुण्याचा असला, तरी त्यांचे सुरुवातीचे क्रिकेट महाराष्ट्राच्या संघाकडून झाले नाही. वयाच्या सतराव्या वर्षी, १९३६-३७च्या हंगामात, ते गुजरातच्या संघाकडून प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. पुढे ते बडोद्याच्या संघात आले. बडोदा हे गायकवाड घराण्याचे संस्थान. तेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती होती आणि क्रिकेटला राजाश्रय होता. सांगलीचे विजय हजारे हेही याच संघाचे आधारस्तंभ होते. १९४२-४३ आणि १९४६-४७ या दोन हंगामांत बडोद्याने रणजी करंडक जिंकला. या काळात अधिकारी बडोद्याचे एक भरवशाचे फलंदाज म्हणून नावारूपास आले. मुंबईत भरणाऱ्या पंचरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडूनही खेळले.

अंगकाठीने लहान असलेल्या अधिकारी यांच्या फलंदाजीचा भर ताकदीपेक्षा पदलालित्यावर होता. फिरकी गोलंदाजी ते पुढे सरसावून खेळत. कव्हरच्या जागेवरील त्यांचे क्षेत्ररक्षण हे त्या काळातील भारतीय क्रिकेटमध्ये अपवादानेच दिसणारे होते. क्षेत्ररक्षणाकडे दुय्यम अंग म्हणून पाहण्याची तेव्हाची रीत त्यांनी स्वतः खेळाडू असताना मानली नाही. व्यवस्थापक झाल्यावर इतरांनाही ती मानू दिली नाही.

१९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. दुसऱ्या महायुद्धामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबले होते. परिणामी अधिकारी यांच्या उमेदीची वर्षे देशांतर्गत स्पर्धांतच गेली. १९४६च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडलेल्या संघात त्यांचा समावेश झाला नाही. कसोटी पदार्पण होईपर्यंत त्यांनी वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण केली होती.

लष्करी सेवा

महायुद्धाच्या काळात अधिकारी भारतीय लष्करात अधिकारी म्हणून दाखल झाले आणि पुढे लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्या काळी क्रिकेट हा चरितार्थाचा व्यवसाय नव्हता. खेळाडू संस्थानांच्या, रेल्वेच्या, बँकांच्या किंवा खासगी कंपन्यांच्या नोकरीत असत आणि रजा मिळेल त्याप्रमाणे खेळत. अधिकारी यांच्या बाबतीत ही नोकरी लष्कराची होती. सामन्यांसाठी उपलब्ध होणे हे लष्करी कर्तव्यांवर अवलंबून असल्याने त्यांची कसोटी कारकीर्द सलग राहिली नाही. १९४७ ते १९५९ या बारा वर्षांत त्यांच्या वाट्याला २१ कसोटी आल्या.

स्वातंत्र्यानंतर ते रणजी करंडक स्पर्धेत सेनादलाच्या (सर्व्हिसेस) संघाकडून खेळू लागले आणि या संघाचे कर्णधार झाले. सेनादलाच्या संघाला स्वतःचा प्रांत नसतो. देशभरातील लष्करी तळांवरून आलेले आणि बदलीच्या हुकमाने केव्हाही पांगणारे खेळाडू एकत्र करून हा संघ उभा राहतो. अशा संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. पहिल्या वर्षी मुंबईने आणि दुसऱ्या वर्षी बडोद्याने सेनादलाचा पराभव केला. करंडक हाती आला नाही, तरी मोजक्याच नामांकित खेळाडूंच्या बळावर मिळवलेले हे यश अधिकारी यांच्या नेतृत्वाची साक्ष मानले गेले. शारीरिक सज्जता, वक्तशीरपणा आणि काटेकोर क्षेत्ररक्षण ही त्यांच्या कामाच्या पद्धतीची पुढे ठळक झालेली वैशिष्ट्ये लष्करी शिस्तीतूनच आली होती.

कसोटी कारकीर्द

१९४७-४८चा ऑस्ट्रेलिया दौरा

स्वतंत्र भारताचा पहिला कसोटी दौरा १९४७-४८मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. लाला अमरनाथ कर्णधार असलेल्या या संघातून विजय मर्चंट, रुसी मोदी आणि मुश्ताक अली यांनी वेगवेगळ्या कारणांनी माघार घेतली होती आणि फाळणीनंतर फझल महमूद यांनी पाकिस्तानात राहणे पसंत केले होते. अधिकारी यांनी २८ नोव्हेंबर, १९४७ रोजी सुरू झालेल्या ब्रिस्बेन कसोटीत पदार्पण केले. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. डॉन ब्रॅडमन यांच्या संघाने ही मालिका ४-० अशी जिंकली. अॅडलेड कसोटीत हजारे यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. त्यांपैकी दुसऱ्या डावात अधिकारी यांनी ५१ धावा करून हजारे यांना साथ दिली आणि सातव्या जोडीसाठी १३२ धावांची भागीदारी झाली.

१९४८ची दिल्ली कसोटी

नोव्हेंबर, १९४८मध्ये वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात कसोटी खेळला. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावरचाही हा पहिलाच कसोटी सामना होता. वेस्ट इंडीजने चार शतकांच्या आधारे ६३१ धावा उभारल्या. उत्तरादाखल भारताने ४५४ धावा केल्या. त्यांत अधिकारी यांच्या नाबाद ११४ धावा होत्या. हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक ठरले. भारतावर फॉलोऑनची वेळ आली, परंतु दुसऱ्या डावातही अधिकारी नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित सुटला.

१९५२: हुकलेला विजय आणि विक्रमी भागीदारी

भारताने आपला पहिला कसोटी विजय फेब्रुवारी, १९५२मध्ये इंग्लंडविरुद्ध मद्रास येथे मिळवला. या सामन्याच्या तोंडावर अधिकारी जायबंदी झाले आणि त्यांच्या जागी पॉली उम्रीगर यांना संघात घेण्यात आले. उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा करून संघातील आपले स्थान कायमचे पक्के केले. भारताच्या पहिल्या विजयात खेळण्याचा मान मात्र अधिकारी यांच्या हातून निसटला.

त्याच वर्षी हजारे यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाचे ते उपकर्णधार होते. या दौऱ्यावर भारताने मालिका ३-० अशी गमावली. हेडिंग्ले येथे दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार फलंदाज धावफलकावर एकही धाव लागण्यापूर्वी बाद झाले. मँचेस्टर येथे तर संपूर्ण संघ एकाच दिवशी ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला. वेगवान गोलंदाजी आणि इंग्लंडमधील ओलसर हवामान यांपुढे भारतीय संघ किती अगतिक होऊ शकतो, याचा हा अनुभव अधिकारी यांनी उपकर्णधाराच्या नात्याने जवळून घेतला.

ऑक्टोबर, १९५२मध्ये दिल्ली येथे भारत आणि पाकिस्तान यांच्यातील पहिला कसोटी सामना झाला. भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले असताना अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी अखेरच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले, तर गुलाम अहमद यांनी ५० धावा केल्या. विनू मांकड यांनी सामन्यात १३ बळी घेतले आणि भारताने एक डाव आणि ७० धावांनी विजय मिळवला. मद्रासचा विजय हुकलेल्या अधिकारी यांचा भारताच्या या दुसऱ्या कसोटी विजयात मोलाचा वाटा होता. दहाव्या जोडीसाठीचा भारताचा हा विक्रम बावन्न वर्षे अबाधित राहिला. डिसेंबर, २००४मध्ये सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी ढाका येथे बांगलादेशाविरुद्ध १३३ धावांची भागीदारी करून तो मोडला.

एका कसोटीचे कर्णधार

१९५८-५९मध्ये वेस्ट इंडीजचा संघ पुन्हा भारतात आला. वेस हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांच्या वेगवान माऱ्यापुढे भारतीय फलंदाजी कोलमडत होती आणि निवड समितीतील व क्रिकेट मंडळातील मतभेद चव्हाट्यावर आले होते. पाच सामन्यांच्या या मालिकेत भारताने चार कर्णधार नेमले. पहिल्या कसोटीत उम्रीगर कर्णधार होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीत गुलाम अहमद होते. गुलाम अहमद यांच्या निवृत्तीनंतर चौथ्या कसोटीसाठी पुन्हा उम्रीगर यांची नेमणूक झाली, पण संघनिवडीवरून झालेल्या वादात त्यांनी सामन्याच्या पूर्वसंध्येस राजीनामा दिला आणि मांकड यांनी नेतृत्व केले. दिल्लीच्या पाचव्या कसोटीसाठी निवड समितीने एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारी यांच्याकडे धुरा सोपवली. तोवर मालिका हातची गेली होती.

फेब्रुवारी, १९५९मध्ये झालेल्या या सामन्यात अधिकारी यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. पुण्याच्याच चंदू बोर्डे यांनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात ९६ धावा केल्या. वेस्ट इंडीजने आपला डाव ८ बाद ६४४ धावांवर घोषित केला. या डावात मुंबईच्या रमाकांत देसाई यांनी पदार्पणातच चार बळी मिळवले. स्वतः अधिकारी यांनी ६८ धावांत तीन गडी बाद केले. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांना मिळालेले हे तीनच बळी होत. सामना अनिर्णित राहिला आणि सलग पराभवांची मालिका थांबली. हाच अधिकारी यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्यानंतरच्या १९५९च्या इंग्लंड दौऱ्यासाठी दत्ताजीराव गायकवाड यांची कर्णधार म्हणून नेमणूक झाली आणि भारताने त्या दौऱ्यातील पाचही कसोटी गमावल्या.

व्यवस्थापकपद

पदाचे स्वरूप

फुटबॉलमध्ये संघाचा व्यवस्थापक हाच संघाचा खरा सूत्रधार असतो. खेळाडूंची निवड, डावपेच आणि सराव ही सर्व जबाबदारी त्याची असते, आणि जयापजयाचे मापही त्याच्याच पदरात पडते. भारतीय फुटबॉलमध्ये हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी अशा अधिकाराने काम केले आणि १९५१ व १९६२च्या आशियाई खेळांत संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. क्रिकेटमध्ये मैदानावरील अधिकार कर्णधाराकडे असल्याने व्यवस्थापकाचे स्थान निराळे होते. प्रत्येक दौऱ्यासाठी क्रिकेट मंडळ नव्याने व्यवस्थापक नेमत असे. प्रवास, निवास, खेळाडूंचे भत्ते, हिशेब, समारंभ आणि वृत्तपत्रांशी संपर्क ही त्याची कामे असत. संघासोबत स्वतंत्र प्रशिक्षक, शारीरिक प्रशिक्षक किंवा विश्लेषक पाठवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. त्यामुळे हे पद केवळ कारकुनी ठेवायचे की त्याला प्रशिक्षकाचे रूप द्यायचे, हे बरेचसे त्या व्यक्तीवर अवलंबून राही. अधिकारी यांनी दुसरा मार्ग स्वीकारला.

१९७१चा इंग्लंड दौरा

१९७१च्या सुरुवातीस वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये १-० असा मालिका विजय मिळवला होता. त्या दौऱ्याचे व्यवस्थापक केकी तारापोर होते. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यासाठी मंडळाने अधिकारी यांची नेमणूक केली. इंग्लंडमध्ये तोवर भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती. रे इलिंगवर्थ यांचा संघ सलग २६ कसोटींत अपराजित होता.

या दौऱ्यावर अधिकारी यांनी शारीरिक सज्जता आणि क्षेत्ररक्षण यांवर विशेष भर दिला. भारताच्या आक्रमणाची सारी मदार बिशनसिंग बेदी, भागवत चंद्रशेखर आणि श्रीनिवास वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांवर होती. फिरकी गोलंदाज फलंदाजाला चुका करायला भाग पाडतो, पण बॅटची कड घेऊन उडालेला चेंडू झेलला गेला नाही तर त्याची मेहनत वाया जाते. फलंदाजाच्या निकट उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांचे महत्त्व म्हणूनच मोठे होते. शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर, लेगच्या बाजूस आबिद अली, स्लिपमध्ये वाडेकर आणि गलीत वेंकटराघवन अशी ही फळी होती. अशा क्षेत्ररक्षणाचा आधार यापूर्वीच्या भारतीय फिरकी गोलंदाजांना क्वचितच मिळाला होता.

लॉर्ड्स येथील पहिली कसोटी अखेरच्या दिवशी रंगतदार अवस्थेत पोहोचली. विजयासाठी १८३ धावांची गरज असताना भारताने ८ बाद १४५ धावा केल्या होत्या आणि पावसामुळे खेळ थांबला. याच डावात चोरटी धाव घेणाऱ्या सुनील गावसकर यांना गोलंदाज जॉन स्नो यांनी धक्का दिल्याने मोठा वाद उद्भवला. इंग्लंडच्या निवड समितीने स्नो यांना पुढील कसोटीतून वगळले. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत भारत पराभवाच्या छायेत असताना अखेरचा दिवस पावसात वाहून गेला.

ओव्हल येथील तिसरी कसोटी १९ ऑगस्ट रोजी सुरू झाली. इंग्लंडने ३५५ धावा केल्या. दुसरा दिवस पावसामुळे वाया गेला. भारताचा डाव २८४ धावांवर आटोपला आणि इंग्लंडला ७१ धावांची आघाडी मिळाली. चौथ्या दिवशी चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपुष्टात आला. अॅलन नॉट यांचा सोलकर यांनी पुढे झेपावून टिपलेला झेल या डावातील निर्णायक क्षणांपैकी एक मानला जातो. विजयासाठी भारताला १७३ धावा हव्या होत्या. अखेरच्या दिवशी सकाळी वाडेकर आदल्या दिवशीच्याच ४५ धावांवर धावबाद झाले. त्यानंतर दिलीप सरदेसाई, गुंडप्पा विश्वनाथ आणि फरूख इंजिनीयर यांनी डाव सावरला. आबिद अली यांच्या चौकाराने भारताने चार गडी राखून सामना आणि १-० अशी मालिका जिंकली.

विजयाचा दिवस २४ ऑगस्ट, १९७१ हा होता. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सामन्यादरम्यान भारतीय पाठीराख्यांनी चेसिंग्टन येथील प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण ओव्हलच्या मैदानावर आणली होती. संघाचा कर्णधार मुंबईचा, सरदेसाई, सोलकर आणि गावसकर हे मुंबईचे आणि व्यवस्थापक मूळचे पुण्याचे असल्यामुळे हा विजय महाराष्ट्रात घरच्या उत्सवासारखा साजरा झाला. संघ परतल्यावर मुंबईत त्याची मिरवणूक काढण्यात आली आणि रस्त्यांच्या दुतर्फा लोकांनी गर्दी केली. खेळाडूंच्या बरोबरीने कर्नल अधिकारी हे नावही घरोघरी पोहोचले. लष्करी बाण्याच्या व्यवस्थापकाने संघाला शिस्त लावली आणि म्हणून संघ जिंकला, असे या यशाचे सोपे स्पष्टीकरण लोकांना मिळाले.

१९७४चा इंग्लंड दौरा

१९७४मध्ये भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला, तेव्हा कर्णधार आणि व्यवस्थापक तेच होते. गावसकर, विश्वनाथ, इंजिनीयर, सोलकर आणि तिन्ही प्रमुख फिरकी गोलंदाज हेही संघात होते. परिस्थिती मात्र बदलली होती. हंगामाचा पूर्वार्ध थंड आणि ओला असल्याने खेळपट्ट्या वेगवान गोलंदाजांना साथ देत होत्या. संघातील ज्येष्ठ खेळाडूंमध्ये मतभेद निर्माण झाले होते.

मँचेस्टरच्या पहिल्या कसोटीत गावसकर यांनी शतक केले, तरी भारत ११३ धावांनी हरला. लॉर्ड्स येथील दुसऱ्या कसोटीत इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा केल्या आणि फॉलोऑन घेतला. २४ जून रोजी सकाळी ख्रिस ओल्ड आणि जॉफ आर्नल्ड यांच्या माऱ्यापुढे भारताचा दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांवर संपला. त्यांतील १८ धावा एकट्या सोलकर यांच्या होत्या. चंद्रशेखर यांना दुखापत झाली होती. भारताची ही नीचांकी धावसंख्या डिसेंबर, २०२०मध्ये अॅडलेड येथे ३६ धावांत संघ बाद होईपर्यंत कायम होती. बर्मिंगहॅमची तिसरी कसोटी भारताने एक डाव आणि ७८ धावांनी गमावली.

मैदानाबाहेरील घटनांनी या पराभवाची कटुता वाढवली. संघातील एका खेळाडूवर लंडनच्या एका दुकानात चोरीचा आरोप ठेवण्यात आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. भारतीय उच्चायुक्तांनी आयोजित केलेल्या स्वागत समारंभास संघ उशिरा पोहोचल्याने तेथे अप्रिय प्रसंग घडला. वृत्तपत्रांनी या दोन्ही घटना ठळकपणे प्रसिद्ध केल्या. प्रवास, समारंभ आणि खेळाडूंची वर्तणूक हे थेट व्यवस्थापकाच्या अखत्यारीतील विषय असल्याने टीकेचा रोख अधिकारी यांच्याकडेही वळला. तीन वर्षांपूर्वी ज्या शिस्तीचे गोडवे गायले गेले, तीच आता खेळाडूंना जाचक झाली होती, असे म्हटले जाऊ लागले.

मायदेशी लोकांचा रोष तीव्र होता. १९७१च्या विजयाच्या स्मरणार्थ इंदूर येथे उभारलेल्या भव्य बॅटच्या शिल्पाची या पराभवानंतर विटंबना करण्यात आली. वाडेकर यांना पश्चिम विभागाच्या संघातून वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. १९७५च्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेसाठी संघ पुन्हा इंग्लंडला गेला तेव्हा वेंकटराघवन कर्णधार आणि जी.एस. रामचंद व्यवस्थापक होते.

प्रशिक्षक

१९७४नंतरही अधिकारी यांचा क्रिकेटशी संबंध तुटला नाही. त्यांनी तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षणात स्वतःला गुंतवून घेतले. क्रिकेट मंडळाच्या प्रशिक्षण शिबिरांतून देशाच्या वेगवेगळ्या भागांतील होतकरू खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले. त्यांचे मार्गदर्शन लाभलेल्या खेळाडूंत सुनील गावसकर, कपिल देव आणि रवी शास्त्री यांची नावे घेतली जातात. पहाटेची धाव, व्यायाम, वेळेवर हजेरी आणि झेल घेण्याचा दीर्घ सराव हा त्यांच्या शिबिरांचा पाया असे. फलंदाज असो की गोलंदाज, क्षेत्ररक्षणातून कोणालाही सूट नसे.

प्रौढ आणि नामांकित खेळाडूंच्या संघात ज्या कडकपणामुळे त्यांच्यावर टीका झाली, तोच शिकाऊ खेळाडूंच्या शिबिरांत उपयुक्त ठरला. तेथे निकालाचा दबाव नव्हता आणि शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याचा अधिकार मान्य होता.

लोकप्रियता आणि मूल्यमापन

अधिकारी यांची लोकप्रियता त्यांच्या फलंदाजीपेक्षा १९७१च्या विजयाशी अधिक निगडित राहिली. खेळाडू म्हणून ते हजारे, मर्चंट, मांकड आणि उम्रीगर यांच्या पिढीत वावरले आणि त्यांची कामगिरी बहुधा दुसऱ्याच्या मोठ्या खेळीला आधार देणारी होती. अॅडलेड येथे हजारे यांना दिलेली साथ आणि दिल्लीत गुलाम अहमद यांच्यासह केलेली भागीदारी ही त्याची उदाहरणे होत. संकटात खेळपट्टीवर ठाण मांडणारा फलंदाज अशी त्यांची समकालीनांत ओळख होती.

व्यवस्थापक म्हणून त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना १९७१ आणि १९७४ हे दोन्ही दौरे एकत्र पाहावे लागतात. देश तोच, कर्णधार तोच, प्रमुख खेळाडू बहुतांशी तेच आणि व्यवस्थापकाची पद्धतही तीच असताना दोन टोकांचे निकाल लागले. पहिल्या वेळी उन्हाळ्याचा उत्तरार्ध, कोरड्या होत गेलेल्या खेळपट्ट्या, चंद्रशेखर यांची अजोड गोलंदाजी आणि एकसंध संघ लाभला. दुसऱ्या वेळी यांपैकी काहीच हाती नव्हते. १९७१चे सारे श्रेय जसे शिस्तीला देता येत नाही, तसेच १९७४चा सारा दोषही तिच्या माथी मारता येत नाही. मात्र झेल, चपळता आणि तंदुरुस्ती या सरावाने साध्य होणाऱ्या गोष्टींत अधिकारी यांच्या आग्रहाचा परिणाम ओव्हलच्या निकालात दिसून आला.

भारतीय क्रिकेटमध्ये व्यवस्थापकाचे पद पुढेही बराच काळ दोन रूपांत वावरत राहिले. १९८३च्या विश्वचषक विजेत्या संघाचे व्यवस्थापक पी.आर. मानसिंह यांची भूमिका प्रामुख्याने प्रशासकीय होती. १९९०च्या दशकात वाडेकर स्वतः भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, तेव्हा त्यांनी प्रशिक्षकाचेही काम केले. २०००मध्ये न्यूझीलंडचे जॉन राइट यांच्या नेमणुकीने पूर्णवेळ प्रशिक्षकाची परंपरा दृढ झाली आणि व्यवस्थापकाकडे केवळ प्रशासन उरले. पुढे शास्त्री हेही भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. आज प्रशिक्षक, क्षेत्ररक्षण प्रशिक्षक, शारीरिक प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांच्यात विभागलेली कामे १९७१मध्ये एकट्या अधिकारी यांनी सांभाळली होती.

आकडेवारी

अधिकारी यांनी २१ कसोटी सामन्यांत ३१.१४च्या सरासरीने ८७२ धावा केल्या. त्यांत एक शतक आणि चार अर्धशतके आहेत. नाबाद ११४ ही त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या होय. १९३६-३७ ते १९५९-६० या काळातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४१.७४च्या सरासरीने ८,६८३ धावा केल्या. नाबाद २३० ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या आहे.

निधन

हेमू अधिकारी यांचे २५ ऑक्टोबर, २००३ रोजी मुंबई येथे वयाच्या ८४व्या वर्षी निधन झाले. दहाव्या जोडीच्या भागीदारीचा त्यांचा विक्रम तेव्हा अद्याप अबाधित होता.